खांबावरच्या माणसाला हाक मारू नये

अण्णा, आज मी खांबाच्या टोकापर्यंत गेले. खांब लहान आहे, जेमतेम अकरा फुटांचा. तुमचे विजेचे खांब जिथे निम्मे होत तिथे माझा संपतो. वर तारा नाहीत. वर स्लॅब आहे, पांढरा रंग दिलेला. मी त्याला बोटं टेकवली, क्षणभर तशीच राहिले आणि खाली आले. एवढंच झालं. पण तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि त्या सगळ्या वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं मला इतक्या निकडीने कधी वाटलं नव्हतं. गोष्ट मधूनच सुरू केलेली तुम्हाला आवडत नसे. बिघाड शोधायचा तर ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपासून निघायचं, एकेक खांब बघत जायचं, असं तुम्ही म्हणायचात. तशीच निघते.

नगरला सावेडीत एक चष्म्याचं दुकान आहे. आईच्या पहिल्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिचा चष्मा तिथे करायला टाकला होता. दुकानदार म्हणाला, अर्धा तास लागेल. वरच्या मजल्यावरून गाण्याचा आवाज येत होता, जिन्यात कसल्यातरी क्लासची पाटी होती. माझा उजवा खांदा तेव्हा आखडलेला होता, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, आणि बसून राहायचा कंटाळा आला होता. मी वर गेले. दार उघडं होतं. मोठी खोली, एका भिंतीला आरसा, आणि जमिनीपासून छतापर्यंत स्टीलचे चार खांब. त्यातल्या एकावर एक मुलगी चढत होती. याला पोल डान्स म्हणतात, अण्णा. नाच आहे आणि व्यायामही आहे. खांबावर चढायचं, फिरायचं, अंग तोलून धरायचं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. हातांकडेही नाही. मी पाय पाहत राहिले. नडगी खांबाला टेकलेली, पाऊल वाकवून अडकवलेलं, दुसरी पोटरी मागून दाबलेली. मग ती सावकाश उभी राहिली, हवेतच, जशी माणसं पाटावरून उठतात. खिडकीतून ऊन येत होतं. मला तुमचे पाय दिसले. खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि खाली त्या काळ्या, गुळगुळीत, केस झडलेल्या नडग्या.

दुसऱ्या दिवशी मी नाव घातलं. आईला सांगितलं, योगासनांचा क्लास आहे. घरात आम्ही दोघीच असतो, तिच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही, म्हणून ते एकदाच सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. सेहेचाळीस वर्षांची बाई, कॉलेजात मराठी शिकवणारी, दुपारी आखूड चड्डी घालून खांबाला पाय गुंडाळते, हे तिच्यासमोर कुठल्या शब्दांत मांडायचं ते मला सुचत नव्हतं. तिच्या ओठांची ती बारीक घडी मला माहीत आहे. ती काही बोलली नसती, आणि मी क्लास सोडला असता. आठ महिने मला एवढीच भीती होती. पडायची नव्हती.

शिकवणारी मुलगी भिंगारची आहे. वडील छावणीत कारकून, रविवारी ती चर्चमध्ये गाते, पुण्याला जाऊन हे शिकून आली. पहिल्या दिवशी तिने मला खांबासमोर उभं केलं आणि धरायला सांगितलं. मी पुढे होऊन आधी हाताची उलटी बाजू खांबाला लावली. मला ते कळलंसुद्धा नाही. ती हसायला लागली.

"मॅडम, शॉक नाही बसत याचा."

मी हात मागे घेतला. तिला सांगितलं की आमच्याकडे आधी उलटा हात लावून बघतात. खांबात करंट उतरला असेल तर तळहात आवळला जातो, मग सुटत नाही. उलटा हात झटकन मागे येतो. ती म्हणाली, "आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?" मी म्हणाले, "माझे वडील वायरमन होते." एवढं वाक्य मी पहिल्यांदाच कुणापुढे सरळ बोलले असेन. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, "मग तुम्हाला यायलाच पाहिजे." तेव्हापासून त्या खोलीतल्या मुली गंमत म्हणून उलटा हात लावूनच चढतात. खांब चार आहेत, चारही निर्जीव, आणि चार मुली ओळीने उलटा हात लावून उभ्या राहतात. तुम्ही असतात तर तोंडावर रुमाल धरून हसला असतात.

मला येत नव्हतं. म्हणजे कधीकाळी येत होतं, आणि ते गेलं होतं. जामखेडला क्वार्टरच्या मागे वीज बोर्डाचं आवार होतं, तिथे कोपऱ्यात एक लोखंडी खांब नुसताच रोवलेला होता. नवीन माणसांना शिकवायला. त्याला तारा नव्हत्या. मुरमाड जमीन, बाभळीची बारीक सावली, आणि दुपारच्या झळांमध्ये तो खांब खालून वर हलल्यासारखा दिसे. मी दहा वर्षांची आहे. फ्रॉकखाली दादाची जुनी चड्डी. रविवार आहे, तुम्ही आंघोळ करून बनियनवर आला आहात, आणि माझं पाऊल दोन्ही हातांत धरून खांबाला लावता आहात. "गुडघा ह्या अंगाला, पाऊल त्या अंगाला, मधी खांब. आवळ. अजून आवळ. दुखलं तर बरोबर हाय. आता डावी पोटरी मागून लाव. हां. आता उभी ऱ्हा." मी हातांनी ओढून घ्यायला जाते. तुम्ही माझ्या मनगटावर टिचकी मारता. "हातानं न्हाई. हात फकस्त धरायला. नेतेत ते पाय." मी पाय आवळते, ताठ होते, आणि माझं डोकं एकदम वर जातं, तुमच्या खांद्याच्या वर, मग बाभळीच्या फांदीपाशी. पँट घालून चढले तर चालणार नाही का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "कापड घसरतं. कातडं धरतं." त्या उन्हाळ्यात मी सगळा खांब चढायला शिकले. वर गेल्यावर तहसीलची कौलं दिसायची, आणि त्यापलीकडे पिवळं पडलेलं माळरान, आणि कुठेच काही हलत नसे.

घरात एक नियम होता. खांबावरच्या माणसाला हाक मारू नये. हाक आली की माणूस खाली बघतो, आणि खाली बघितलं की पाय सुटतो. काहीही काम असो, डबा असो, पाहुणा आलेला असो, खाली येऊन गप उभं राहायचं, माणूस उतरला की बोलायचं. आईला मी अशी कितीदा उभी पाहिली आहे. डोक्यावर पदर, हातात डबा, मान वर. तुम्ही तारांमध्ये काहीतरी आवळत असायचात, आणि ती हाकेच्या अंतरावर एक शब्द न बोलता उभी असायची. तुमचे पाय जमिनीला लागले की म्हणायची, "उतरलात?" जसं काही ते तिला दिसत नव्हतं.

मी स्टीलच्या खांबावर दोन पावलं जायची आणि घसरायची. सगळा भार हातांवर. खांदा रात्रभर ठणकायचा. शिकवणारी मुलगी खाली बसून माझं पाऊल हातात धरून खांबाला लावायची आणि म्हणायची, "मॅडम, लटकू नका. हात फक्त पकडायला. पाय आवळा आणि उभ्या राहा." दर वेळी ते ऐकताना मला खोलीतलं गाणं ऐकू येईनासं व्हायचं. मी तिला विचारलं, तुला हे कुणी शिकवलं. ती म्हणाली, "कुणी म्हणजे, सगळे असंच शिकवतात. दुसरा रस्ता नाही ना." माझ्या नडग्यांवर डाग पडायला लागले. आधी लाल, मग निळे, मग जांभळ्या कडांचे पिवळे. पावलांच्या पाठीवरही. मी घरात लांब गाऊन घालायला लागले. एका सकाळी न्हाणीच्या दाराशी वाटीत कोमट तेल ठेवलेलं दिसलं, त्यात हळद. आईचे गुडघे दुखतात, तिचंच असेल असं मी समजले. ती वाटी मग रोज असायची. मी त्यातलं थोडं बोटाने घ्यायची, तिच्या लक्षात येणार नाही इतकं.

आता शाळेचा दिवस. मी नववीत आहे. मधली सुट्टी झाली आहे, आम्ही दोघी-तिघी फाटकापाशी उभ्या आहोत. रस्त्यापलीकडच्या खांबावर तुम्ही आहात. पाठ आमच्याकडे, पँट दुमडलेली, उघड्या पोटऱ्या खांबाला चिकटलेल्या. ऊन इतकं आहे की तुमच्या कडा पुसट झाल्यात, खांब आणि तुम्ही वेगळे दिसत नाही. मी मान वर करून पाहते. मैत्रिणी बोलत असतात. तुम्ही मान वळवता. तुम्ही मला पाहता. मी तुम्हाला हाक मारत नाही. घंटा होते आणि मी आत जाते. त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात तेव्हा हातात भेळभत्त्याचा पुडा होता. आईला म्हणालात, "आज शाळेम्होरं खांबावर हुतो. ही खाली हुती, पार समोर. न्हाई मारली हाक. दुसरी पोरगी असती तर नाचली असती." आणि पुडा माझ्या हातात दिलात. सबंध. दादा म्हणाला, मला? तुम्ही म्हणालात, "तिचा हाय." त्या दिवसाचं मी इथे अर्धंच सांगते आहे. बाकीचं मागाहून.

पुढच्या रविवारी तुम्ही आवाराकडे निघालात तेव्हा मला हाक दिलीत. मी म्हणाले, अभ्यास आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही अभ्यास होता. मग तुम्ही नुसतं माझ्याकडे बघून जायला लागलात, मग बघायचंही थांबलं. मला कुणी चढू नको म्हटलं नाही. आईनेही नाही. मोठी झाले म्हणून सोडावं लागलं, असं मी पुढे मैत्रिणींना सांगायची, आणि सांगता सांगता मला ते खरंही वाटायला लागलं होतं. ते तसं नव्हतं. खांब तिथेच होता. तुम्ही निवृत्त झालात, झोपेत गेलात, शांतपणे, पाय सरळ ठेवून, आणि तोपर्यंत त्या खांबाबद्दल आपण एक शब्द बोललो नाही. मला तो स्वप्नात दिसतो. मुरमाची जमीन, झळा, आणि खांबाला वर टोकच नाही. तुम्ही चढत असता. पाय आवळता, उभे राहता. पाय आवळता, उभे राहता. तुम्ही लहान होत जाता. मी खाली उभी असते, आणि हाक मारायची नाही हे मला माहीत असतं.

आज दुपारी क्लासला आम्ही तिघीच होतो. मी उलटा हात लावला. उजवी नडगी टेकवली, पाऊल अडकवलं, डावी पोटरी मागून. आवळलं. दुखलं. उभी राहिले. हात वर सरकवले, गुडघे पोटाशी घेतले, पुन्हा आवळलं. तिसऱ्यांदा उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की हात मोकळे आहेत. मी त्यांना काही काम दिलेलंच नाही. खांब माझ्या पायांत होता, चिमटीत धरल्यासारखा, आणि मी त्याच्यावर उभी होते. वर जायला घाई नव्हती. मग बोटांना स्लॅब लागला. थंड. तिथून आरशात सगळी खोली उलटसुलट दिसते, पंखे जवळ येतात. दाराशेजारी चपला ठेवायचा बाक आहे. त्या बाकावर आई बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी, मान वर. डोळ्यांवर नवा चष्मा.

खाली कशी आले ते आठवत नाही. पाय सुटला नाही, एवढं आठवतं. पावलं जमिनीला लागली तेव्हा ती म्हणाली, "उतरलीस?"

"तू कधी आलीस?"

"मगाच. तू चढाय लागलीस तवा." दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतरचा चष्मा आज मिळणार होता, मी संध्याकाळी आणणार होते. तिला दम निघाला नाही. रिक्षा करून आली, आणि दुकानदाराने तिला सांगितलं की तुमच्या मॅडम आत्ता वरच असतील.

शिकवणारी मुलगी म्हणाली, "मी तुम्हाला हाक मारणार होते, मॅडम. आजींनी माझा हात धरला. म्हणे, गप."

"वर माणूस हाय," आई तिला म्हणाली. "हाक मारत्यात व्हय?"

मी चड्डीवर टॉवेल गुंडाळायला घेतला. म्हणाले, "आई, हे..."

"योगासनं," आई म्हणाली. "दिसली मला."

दोघी मुली हसल्या. आई हसली नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती, नव्या चष्म्यातून, भाजी निवडताना बघते तशी. म्हणाली, "टावेल कशाला? कापड घसरतं." मग थोड्या वेळाने, "डावा पाय ढिला सोडतीस. मागनं दाबच न्हाई. हे तसं करायचे न्हाईत."

"मी रोज तेच सांगते, आजी."

"तू सांग बाई. माझं न्हाई ऐकायची ती."

रिक्षात ती दुकानांच्या पाट्या वाचत होती. अक्षरं दिसायला लागल्याचा आनंद तिला लपवता येत नव्हता. प्रोफेसर चौकापाशी मी विचारलं, तुला कळलं कधी? ती पाटीवरून नजर न काढता म्हणाली, "योगासनांनी नडग्या काळ्यानिळ्या हुतेत का गं? तीस वरसं चोळल्यात मी तसल्या नडग्या. डाग कशाचा हाय ते मला न्हाई कळायचं?" आणि मग, "तेल नुसतं बोटानं काय घेतीस. वाटी तुझीच हाय."

मी तिला विचारलं, तिथे बसून मला तसं बघताना लाज नाही वाटली? ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "कशाची?" ती मला गप्प करण्यासाठी बोलत नव्हती, अण्णा. ती खरंच विचारत होती. मग पुढची पाटी आली.

आता ती स्वयंपाकघरात आहे. मी टेबलापाशी लिहिते आहे, उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पुरवणीवर. तिने दोनदा विचारलं, काय लिहितीस. मी म्हणाले, यादी. "साखर लिही मग," ती म्हणाली. साखर लिहिली. तेलाची वाटी माझ्याशेजारी आहे, आणि आज मी सगळं तेल घेतलं आहे, दोन्ही पायांना. कागदाला त्याचे डाग पडलेत. हा कागद मी कुठे देणार नाही, आईलाही नाही. स्वप्नात तुम्ही अजून उतरलेले नसता, आणि तोपर्यंत बोलायचं नसतं, हे मी आज तिच्याकडून पुन्हा शिकून आले आहे. ती खाली बसली होती आणि तिने मला हाक मारली नाही. तशी मीही एकदा तुम्हाला मारली नव्हती. दोन्ही लांबून सारखंच दिसलं असेल.

तुम्ही मान वळवलीत तेव्हा शेजारच्या मुलीने मला विचारलं होतं, "तो तुझ्याकडे बघतोय. कोण गं?" तिचे वडील बँकेत मॅनेजर होते. माझे बोर्डात साहेब आहेत, असं मी तिला सांगितलेलं होतं. मी म्हणाले, "माहीत नाही."

मला नियम आठवलासुद्धा नव्हता, अण्णा. त्याची आठवण तुम्ही संध्याकाळी करून दिलीत. भेळभत्ता चांगला होता, कांदा जास्त घातलेला, मला आवडतो तसा. मी तो सगळा खाल्ला. दादाला दिला नाही.